गेममधली गुहा, बाबा आणि उलटा सदरा

आधीच सांगते, मी अशातली बाई नाही. हे वाक्य या धाग्यावर जो येतो तो लिहितो आणि चार ओळींनी त्याच्या मावशीला पिंपळाखाली पांढऱ्या साडीतलं कोणीतरी दिसतं... वर्षभर वाचतेय मी. पण आमच्या घरात भूत, चकवा हे शब्द खरंच चालायचे नाहीत. वसमतला आमच्या गल्लीत कोणाच्या अंगात आलं की बाबा मुद्दाम बघायला जायचे आणि परत येऊन सांगायचे, "अंगात बिंगात काही न्हाई, सुनेसंगं भांडण हाय." मी त्यांची मुलगी. शाळेत भूगोल शिकवते. दिशा, नकाशा, उंचवटा, उतार... माझं पोटच त्यावर आहे.

परवा इथे कोणीतरी चकव्याबद्दल विचारलं. लोकांनी काय काय उत्तरं दिली! मी सोडून देणार होते, पण दोन दिवस डोक्यातून जाईना. तर एकदाचं लिहून टाकते. मसाला नाही, आवडलं नाही तर पुढचा प्रतिसाद वाचा.

दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट. त्याआधी बाबा एसटीत ड्रायव्हर होते. सगळी नोकरी हिंगोली, औंढा, वसमत, नांदेड याच रस्त्यांवर. त्यांची एक खोड डेपोत सगळ्यांना माहीत होती. पॅसेंजर मागे ठेवून गाडी हलवायची नाही. फाट्यावर कोणी पाणी प्यायला उतरलं असलं की कंडक्टर डबल बेल मारमार मारायचा आणि बाबा आरशात बघत बसून राहायचे. "गाडीत घेतलं तवा घरी न्यायचं कबूल केलं आपण," एवढंच म्हणायचे. उशीर व्हायचा, बोलणी खायचे, पण बदलले नाहीत.

रिटायर झाले, आई गेली, आणि मग त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग घराची किल्ली, मग मी. सकाळी मित्रा म्हणायचे (माझं नाव संघमित्रा), दुपारी "ओ मॅडम, कुठं उतरायचं?" म्हणायचे. गाडी मात्र विसरले नाहीत. खुर्चीत बसले की हात स्टेअरिंगवर. जेवायला उठवा, अंघोळीला उठवा, हलायचे नाहीत. "बेल न्हाई झाली अजून." मी रडकुंडीला आले होते. मग कौसाआत्यानं शोध लावला. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, नवरा गेल्यापासून आमच्याकडेच होती. तिनं एक दिवस वैतागून वाटीवर चमच्यानं दोनदा वाजवलं, टिंग टिंग. बाबा ताडकन उठले आणि चालायला लागले! तेव्हापासून आमच्या घरची गाडी डबल बेलवर सुटायची. एकदा घाईत मी एकच ठोका मारला तर बाबा न्हाणीच्या दारातच थांबले. बरोबरच होतं, एक बेल म्हणजे गाडी थांबवा.

धाकटा भाऊ राहुल पुण्याला नोकरीला लागला तेव्हा त्याचा जुना कॉम्प्युटर आमच्याकडे टाकून गेला. "ताई, शाळेचे मार्क भर यात." मार्क कसले भरतेय! कॉम्प्युटरसोबत एक सीडी होती, वर मार्करनं नुसतं "गेम" लिहिलेलं. माझी शाळा सकाळची. दुपारी घरी आले की बाबांजवळ बसायचं, दाराला आतून कुलूप, कुठे जाणं नाही येणं नाही. मैत्रिणींची लग्नं होऊन लेकरं शाळेत जायला लागली होती, आणि मी तिशीची मास्तरीण, लोडशेडिंग नसेल तेव्हा राक्षस मारत बसायचे. हसा खुशाल.

गेममध्ये तिघं होते. तलवारवाला पोरगा, धनुष्यवाली पोरगी आणि काठी टेकत चालणारा एक म्हातारा. म्हातारा मंत्र म्हणून बाकीच्यांच्या जखमा बऱ्या करायचा. गावोगाव फिरायचं, छोटे राक्षस मारायचे, शक्ती वाढवायची, आणि शेवटी डोंगरातल्या गुहेत शिरून सगळ्यात मोठ्या राक्षसाला मारायचं. बाबा शेजारच्या खुर्चीत बसून माझ्यासोबत गाडी चालवायचे.

"कोणता घाट हाय हा?"

"घाट नाही बाबा, गुहा आहे."

"मग हेडलाईट लाव की. अन् त्या म्हाताऱ्याला पुढं ठिव. वाट त्याला ठाव असती."

मी काही म्हाताऱ्याला पुढे ठेवत नव्हते. पुढचा आधी मार खातो आणि म्हातारा मेला की औषध द्यायला कोणी नाही.

त्या गुहेत मी अडकले. नीट अडकले. एक खोली होती, तिच्यात निळा दिवा आणि भिंतीला टेकवलेलं बैलगाडीचं मोडकं चाक. तिला चार वाटा. कुठल्याही वाटेनं जा, दोन-चार खोल्या झाल्या की पुन्हा निळा दिवा, पुन्हा मोडकं चाक. आठवडेच्या आठवडे गेले. राहुलला विचारलं तर म्हणाला, मी तिथपर्यंत गेलोच नाही, इंटरनेटवर शोध. म्हणजे आपल्या विद्यार्थ्यांनी भरलेल्या सायबर कॅफेत जाऊन मी गुहेतून बाहेर कसं पडायचं ते शोधायचं... जाऊ द्या.

एक दिवस आत्या सुपात गहू घेऊन मागे उभी राहिली. बराच वेळ बघून म्हणाली, "अगं बाई, हा तर चकवा लागला तुला. सदरा उलटा घाल त्याला."

त्या दोघांचं लहानपण पुसेगावला गेलं. तिथे त्यांच्या चुलत्याला म्हणे एकदा बांधावर चकवा लागला होता. रात्रभर एकाच बाभळीला फेऱ्या मारत होता, शेवटी सदरा काढून उलटा घातला तेव्हा कुठे गाव दिसलं. आत्या ही गोष्ट आयुष्यभर सांगत आली आणि बाबा आयुष्यभर तिची चेष्टा करत आले. "विहारात जाऊन वंदना म्हणती अन् घरी येऊन चकवा!" त्या दिवशी बाबा नेमके शुद्धीत होते. म्हणाले, "कौसा, चकवा काही नसतंय. दमलेल्या माणसाचं डोकं असतं ते. बसावं, पाणी प्यावं, दिसती वाट."

मला ते पटलं. अजूनही पटतं.

आता मूळ गोष्ट. बाबांना रोज सकाळी स्टँडवर न्यायची आमची पद्धत होती. डेपोतली जुनी माणसं त्यांना पुढच्या सीटवर बसवायची, औंढ्यापर्यंत न्यायची आणि त्याच गाडीनं परत आणून सोडायची. तेवढाच आत्याला घरकामाला वेळ. त्या दिवशी माणसं ओळखीचीच होती. पण सिद्धेश्वर धरणाकडे जाणाऱ्या फाट्याजवळ लग्नाचं एक वऱ्हाड उतरलं, त्या गर्दीत बाबाही उतरून गेले. कोणाला काय दोष देणार? ताठ चालायचे, इस्त्रीचा सदरा घालायचे, कोणीही म्हणेल पाहुणेच आहेत. औंढ्याला गाडी रिकामी झाली तेव्हा पुढची सीटही रिकामी.

दुपार गेली, संध्याकाळ गेली. डेपोची माणसं मोटारसायकली घेऊन फिरली, राहुल पुण्याहून निघाला, पोलिसांत कळवून झालं. धरणाच्या कडेनं बघितलं, विहिरी बघितल्या. विहिरी बघितल्या हे मला कोणी तोंडावर सांगितलं नाही, पण मला कळत होतं. दिवस थंडीचे आणि बाबांच्या अंगात एकच सदरा. रात्र कशी गेली ते सांगत बसत नाही.

सकाळी मीही शोधायला निघाले तर राहुल म्हणाला, "ताई, तू घरीच थांब. फोन आला तर कोणीतरी पाहिजे." तेव्हा आमच्याकडे मोबाईल कुठले, लँडलाइन. मग मी फोनशेजारी बसले. फोन वाजेना. उचलून बघायचे, चालू आहे ना. मग भीती वाटायची, आपण उचललेला असतानाच त्यांनी लावला असेल तर... बसून बसून डोकं फुटायची पाळी आली. दुपारी लाईट आली आणि समोर तो कॉम्प्युटर. मी चालू केला. बाप हरवलेला आणि लेक गेम खेळतेय, हे कसं दिसतं ते मला कळतं हो. पण हाताला काहीतरी पाहिजे होतं.

तीच गुहा. निळा दिवा, मोडकं चाक. डावीकडे गेले, परत चाक. सरळ गेले, परत चाक. आत्या आतल्या खोलीत रडत बसली होती आणि स्वतःशीच बडबडत होती, "माझा भाऊ येडा झाला बाई, त्याला कोण सांगावं... सदरा उलटा घाल म्हणून कोण सांगावं त्याला..." ते ऐकून माझा धीर सुटला. मी तिघांच्याही अंगावरची चिलखतं काढून टाकली. उलटी घालायची सोय गेममध्ये नव्हती, काढायची होती. म्हाताऱ्याला पुढे केलं. आणि मी ओरडले. अक्षरशः ओरडले, शेजारची बाई खिडकीत आली. "घाला ना सदरा उलटा! घाला अन् या बाहेर! किती फिरायचं आता?" पडद्यावरच्या म्हाताऱ्याला ओरडले की बाबांना, मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

म्हातारा डावीकडच्या वाटेनं गेला. याच वाटेनं मी किती वेळा गेले असेन. पण यावेळी चाक आलं नाही. पायऱ्या आल्या.

वर तो होता. सगळ्यात मोठा. त्याला तोंड नव्हतं आणि पोटात एक दिवा जळत होता. चिलखतं परत घालायला गेले तर गेम घालू देईना, लढाई सुरू झालेली. पहिल्या फटक्यात पोरगा पडला. मग पोरगी पडली. म्हाताऱ्याच्या मंत्रानं ती दोघं उठायला पाहिजे होती, पण मंत्र म्हणायची ताकद उरली होती तेवढी स्वतःलाच पुरेना. मग काय... काठीनं एक मारायचं, मार खायचा, सावरायचं, परत एक मारायचं. मला ते ओळखीचं होतं. दोन वर्षं घरात मी दुसरं काय करत होते? मला जिंकायची हौस उरली नव्हती, फक्त तो म्हातारा पडू नये एवढंच वाटत होतं. किती वेळ गेला माहीत नाही. एकदम त्या राक्षसाच्या पोटातला दिवा विझला आणि तो खाली बसला. म्हातारा उभा होता. बाजूला ती दोघं तशीच पडलेली.

आणि लाईट गेली.

कॉम्प्युटरमधला पंखा गरगरत अजून थांबत होता, तेवढ्यात फोन वाजला. डेपोतला माणूस होता. "ताई, काका सापडले. बरे हायत. जीपनं घेऊन येऊन राहिलो."

मी फोन ठेवला आणि आत्याला हाक मारत दारात जाऊन उभी राहिले.

बाबा कसे सापडले ते ऐका. फाट्यापासून आत टेकडीला दगडाची एक कपार आहे. मी नंतर जाऊन बघितली. चार शेळ्या बसतील एवढीच. मागे अखंड दगड, दुसरं तोंड नाही. एक शेळ्या वळणारी बाई रोज तिथे सावलीला बसते. तिनं आमच्या माणसांना सांगितलं आणि मलाही तेच सांगितलं, "सकाळी मी सोता आत बसून भाकर खाल्ली माय. कोणी नव्हतं. मग दुपारी भाईर शेळ्या बघून राहिले तर आतून हे बाबा आले. मीच घाबरले. मला म्हणले, औंढ्याची गाडी गेली काय?"

बाबा जीपमधून उतरले तेव्हा धुळीनं माखले होते आणि चालून चालून चपलेचा अंगठा तुटला होता. सदरा उलटा होता. शिवण बाहेर, खिसा आत.

आत्यानं तोंडावर पदर धरला. मी म्हटलं, "बाबा, सदरा कोणी उलटा घातला?"

"कोणी म्हंजे? तूच वरडलीस न, उलटा घाला म्हून. मला लाज वाटली, पर म्हणलं पोरगी इतकी वरडून राहिली तर घालावा." मग दम खाऊन म्हणाले, "लई फिरलो गं माय. सारखं तेच चाक. निळा उजेड अन् तेच चाक."

आता थांबा, तुम्ही जे म्हणणार ते मी स्वतःला हजारदा म्हटलंय. चाक आणि निळा दिवा बाबांनी माझ्या शेजारी बसून पाहिला होता. उलट्या सदऱ्याचं आत्या त्यांच्यासमोर बोलली होती. हरवलेल्या माणसाच्या डोक्यात हे सगळं एक झालं असेल. शेळ्यावाल्या बाईचं लक्ष नसेल. मान्य, सगळं मान्य. पण पुढचं ऐका. आत्यानं त्यांना पाणी दिलं. अर्धा तांब्या प्यायले आणि मला विचारलं, "ते दोघं उठले का?"

"कोण दोघं?"

"पोरगा अन् पोरगी. त्या बिनतोंड्यानं पाडले न. पोटात दिवा असलेल्यानं. मी एकटाच आलो त्यांला सोडून."

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. फोन आल्यापासून जीप येईपर्यंत मी दारातून हलले नव्हते. त्या राक्षसापर्यंत त्या घरात माझ्याशिवाय कोणीही, कधीही पोचलं नव्हतं. मी म्हटलं, "उठले बाबा." उठले की नाही ते मला कुठे माहीत होतं? शेवट दिसायच्या आत लाईट गेली होती.

वाटलं, संपलं. कुठलं संपतंय! दुसऱ्या दिवशी जेवायला वाटी वाजवली, टिंग टिंग. बाबा खुर्चीतून हलले नाहीत. आरशात बघावं तसे वर डावीकडे बघत बसले. "दोन पाशिंजर राहिलेत मागं."

"आले बाबा ते."

"मंग दिसून काहून न्हाई राहिले?"

त्या दिवसापासून डबल बेल बंद पडली. पुढे जवळजवळ दोन वर्षं आम्ही दोघी त्यांना ओढून उठवत होतो. आत्याची कंबर गेली, माझा हात कायमचा दुखायला लागला. गेम पुन्हा लावून त्यांना शेवट दाखवावा म्हणून मी कॉम्प्युटर चालू केला तर सुरूच होईना. दुरुस्तीवाला म्हणाला, लाईट येता-जाता आतलं जळलं. राहुलनं पुण्यात दुसऱ्या कॉम्प्युटरवर सीडी लावून बघितली, ती वाचलीच जाईना. नंतर त्यानं इंटरनेटवर त्या गेमची माहिती काढली. राक्षस तसाच आहे म्हणाला, तोंड नाही, पोटात दिवा. पण चिलखत काढल्यानं वाट सापडते असं कुठेच लिहिलेलं नाही. वाटा एका ठराविक क्रमानं घ्यायच्या असतात, माझ्याकडून तो चुकून बरोबर पडला असेल. शेवटी ती दोघं उठतात का, मी विचारलं. म्हणाला, शेवटाबद्दल कोणी काही लिहिलेलं सापडलं नाही.

एकदा तर मी इतकी थकले होते की भूगोलाच्या शिक्षिकेनं, रिटायर्ड ड्रायव्हरच्या लेकीनं, बाबांना अंघोळीनंतर मुद्दाम सदरा उलटा घातला. निदान या चकव्यातून तरी सुटतील. बाबांनी खाली बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, उलटा घातला तुमी. लोक हसतील." मी सरळ केला.

शेवटी नांदेडच्या दवाखान्यात नेलं. न्यूमोनिया झाला होता. डॉक्टरांनी राहुलला बाजूला घेऊन सांगितलं, पण बाबांचा जीव जाईना. ज्यांनी असं माणूस सांभाळलंय त्यांना कळेल, आपण देवाला न मानताही काय काय मागतो ते. दुपारची वेळ होती, राहुल औषधं आणायला गेला होता. बाबांनी डोळे उघडले आणि मला नावानं हाक मारली. खूप दिवसांनी.

"मित्रा, ते दोघं?"

मी नेहमीसारखं "आले" म्हणणार होते. पण त्यांचा चेहरा इतका दमलेला होता... तेव्हा मी नीट सांगितलं. "आले बाबा. पोरगी खिडकीशी बसलीय, पोरगा तिच्या शेजारी. तलवार वर रॅकवर ठेवलीय. तिकिटं काढली. झोप आलीय दोघांना."

बाबांनी मान वळवून वर डावीकडे बघितलं. पलंगाच्या तिकडे नुसती भिंत होती. बराच वेळ बघत राहिले, आणि मग त्यांचा चेहरा सैल झाला.

"व्हय," म्हणाले. "दिसले. पोरीच्या कपाळाला लागलंय जरा."

त्यांचे हात चादरीवर स्टेअरिंग धरून थांबले. थांबलेच. मला कळलं कशाची वाट बघतायत. वाटी नव्हती, चमचा नव्हता. मी माझी बांगडी पलंगाच्या लोखंडी दांडीवर वाजवली. दोनदा.

राहुल औषधं घेऊन आला तेव्हा मी तशीच बसले होते. त्यानं विचारलं, कधी? मी म्हटलं, आत्ताच निघाले.

चकवा असतो का, ते ज्यानं विचारलं होतं त्यानं आपलं आपण ठरवावं. बाबा म्हणायचे तसं दमलेल्या माणसाचं डोकं असेल, आणि आम्ही दोघंही फार दमलो होतो. पण गेममधल्या त्या पोरीच्या कपाळाला खरंच लागलं होतं. पडली तेव्हा लाल खूण दिसली होती मला, आणि हे मी आज पहिल्यांदाच कोणाला तरी सांगतेय.